बदलीची झाडं

झाडांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या दिसल्या, त्या दिवशी मी मंडळात भांडी बघायला गेले होते. गणपतीला अजून बराच अवकाश होता, पण पितळी पातेल्यांना कल्हई करून घ्यायची तर जूनमध्येच करायला हवी. ऑगस्टमध्ये धावपळ केली की निम्मी पातेली तशीच राहतात आणि मग ऐन प्रसादाच्या दिवशी खीर कळकते. भांड्यांची खोली मागच्या अंगाला आहे, म्हणून मागच्या फाटकाने आत शिरले आणि तिथेच थांबले.

जारुलावर फुली. छातिमावर फुली. शिमुलाच्या काटेरी बुंध्यावर रंग नीट बसला नव्हता म्हणून तिथे ब्रश दोन-तीनदा फिरवलेला. गाबाच्या काळ्या खोडावर ती सगळ्यात उठून दिसत होती. आणि खाली, तळ्याच्या काठाला, हिजलावरही. ती ओली होती. रंगाचा ओघळ बुंध्यावरून उतरून खाली पडलेल्या फुलांना लागला होता. हिजलाची फुलंही लालच असतात, त्यामुळे रंग कुठे संपला आणि फुलं कुठे सुरू झाली ते पटकन कळेना.

किल्ली पर्समध्ये टाकली आणि सेक्रेटरीला फोन लावला. आशुतोष न्यू टाउनच्या ऑफिसात कसल्याशा मीटिंगमध्ये होता. “काकू, कॉल यू लेटर” असा तयार निरोप आला. मी मागच्या पायरीवर बसले. भांडी राहिली ती राहिलीच.

आमचं मंडळ म्हणजे दक्षिण कोलकात्यातल्या एका गल्लीतली दुमजली इमारत. मागे आवार, आणि आवाराच्या टोकाला गल्लीचं तळं. कोलकात्यातली मराठी माणसं दोन प्रकारची. काही बदलीवर आलेली: बँकेतली, टपाल खात्यातली, फोर्ट विल्यममधल्या लष्करी क्वार्टरांतली. ती तीन-चार वर्षं राहतात आणि जातात. बाकीची आमच्यासारखी, इथेच जन्मलेली, इथल्या शाळा-कॉलेजांत शिकवणारी, इथल्या कोर्टात उभी राहणारी. बदलीवाले मंडळात रंगत आणायचे, आम्ही सतरंज्या घालायचो.

जाताना मंडळाच्या आवारात एक झाड लावून जायचं, ही टूम बदलीवाल्यांचीच. सुरुवातीला जो तो आपापल्या गावची आठवण म्हणून काहीतरी आणायचा. कोणी कोकणातून हापूसचं कलम आणलं, कोणी सोनचाफा, कोणी नाशिकचं द्राक्ष. फोटो निघायचा, पेढे वाटले जायचे, हावड्याहून गाडी सुटायची. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कलम वाळून काडी झालेलं असायचं. माझी आई एकदा भर सभेत चिडली. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एरवी पानसुपारी फिरवणारी बाई, पण त्या दिवशी पदर खोचून उभी राहिली.

“जाणाऱ्यांनी कौतुकाने लावायचं आणि राहणाऱ्यांनी ते मरताना बघायचं, हा कुठला न्याय? यापुढे झाड लावायचं तर इथलं लावा. बंगालच्या रानातलं. ज्याला कोणी विचारलं नाही तरी जे वाढतं, ते.”

“अहो वहिनी, पण त्यात आपलं काय?” कोणीतरी म्हणालं.

“जगलं की आपलं,” आई म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर नियम झाला. कुठे लिहिला नव्हता, पण कोणी मोडला नाही. बदलीची ऑर्डर आली की त्या घरातल्या बाई आधी आईकडे यायच्या, आणि मग एखाद्या सकाळी आई मला घेऊन सियालदहला जायची. खेड्यांकडून येणाऱ्या गाड्यांतून बायका भाजीच्या टोपल्यांबरोबर रोपंही घेऊन यायच्या. ओल्या तागात बांधलेली मुळं, त्यांना खाडीच्या चिखलाचा वास, शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या, पलीकडे जिवंत मागुर मासे परातीत फडफडतायत. हिजलाचं रोप मागितलं तेव्हा ती बाई इतकी हसली की शेजारणीला हाक मारून सांगू लागली, “शोनो, हिजल आबार केउ केने!” हिजल म्हणे विकत कोण घेतं! तळ्याकाठी आपोआप उगवणारं झाड. पुढच्या आठवड्यात तिने ते आणून दिलं, वर एक लिंबू फुकट दिलं, बहुधा आमची कीव येऊन.

लावण्याचा सोहळा असा काही नसायचा. आई भाषण करू द्यायची नाही. खड्डा त्या घरातल्या मुलांनी खणायचा, माती वडिलांनी लोटायची, पहिला तांब्या घरातल्या बाईने घालायचा. मग सगळ्यांनी आत जाऊन कांदेपोहे खायचे. पोह्यांवर ओलं खोबरं सढळ हाताने, कारण नारळ इथे घरोघरी. कोणी डोळे पुसायला लागलं की आई त्यांना लिंबं चिरायला बसवायची.

अशी एकेक करत आवारात झाडं उभी राहिली. पुढे आम्ही वर्षाचे महिने त्यांच्यावरून ओळखायला लागलो.

फाल्गुनात शिमूल. अंगावर एक पान नाही आणि लाल, जाड, मेणासारखी फुलं. ती पडताना धप्प आवाज व्हायचा. आत गीतापाठ चालू असला तरी ऐकू यायचा. चैत्रात त्याची बोंडं फुटायची, आणि नेमकी तेव्हाच महाराष्ट्र दिनाच्या नाटकाची तालीम चालू असायची. खिडक्या उघड्या. कापूस तरंगत आत यायचा, नायकाच्या मिशीला चिकटायचा. दिग्दर्शक ओरडायचे, “खिडकी लावा!” आणि खिडकी लावली की उकाड्याने सगळे ओरडायचे, “खिडकी उघडा!” त्या नाटकांची नावं आता आठवत नाहीत, पण संवाद म्हणता म्हणता तोंडातला कापूस काढणारे साने आठवतात. बँकेतले साने. जारूल त्यांचा.

जारूल वैशाखात फुलायचा. कालबैशाखीचं वादळ येऊन गेलं की संध्याकाळी सगळं आवार जांभळं. त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या क्रेपच्या कागदासारख्या असतात. आम्ही मुली त्या बशीत पाण्यावर ठेवायचो आणि थोड्या वेळाने त्या पारदर्शक व्हायच्या. पाण्यात नुसत्या शिरा उरायच्या.

गाब मेजर पाटणकरांचा. गाबावर भूत राहतं असं शेजारपाजारचे सगळे सांगायचे, त्यामुळे त्याची सावली इतकी गर्द असूनही खाली कोणी बसायचं नाही. मेजरांना हे कळल्यावर त्यांनी हट्टाने तेच निवडलं. “वहिनी, निदान भुताची तरी पोस्टिंग पक्की असू द्या,” असं म्हणाले होते. गाबाची फळं कच्ची असताना तळ्यावर मासे धरणारे येऊन मागून न्यायचे. पिंपात ठेचून त्या रसात जाळी भिजवायचे, म्हणजे जाळं कुजत नाही. तो आंबूस तुरट वास आठवडाभर राहायचा. घाट्यांचा छातिम फुलायचा तो आश्विनात, संध्याकाळनंतर. गल्लीच्या तोंडाशी पूजेचा मांडव बांधत असायचे, बांबूवर हातोडे पडत असायचे, ढाकवाले ढाक तापवून बघत असायचे, आणि छातिमाचा वास इतका दाट असायचा की घाटेकाकू जाताना म्हणाल्या होत्या, “आमच्यामागे लोकांची डोकी दुखवायची सोय करून ठेवली बाई.”

आणि हिजल. हिजल नंदाचा.

नंदा माझ्या वर्गात होती. तिचे वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. ती आली तेव्हा तिला बंगाली येत नव्हतं आणि मला नागपुरी बोलणं समजत नव्हतं. पण थोड्याच दिवसांत आम्ही दोघी मिळून तिसरंच काहीतरी बोलायला लागलो. तिच्या आईला त्यातलं निम्मं कळायचं नाही. सातवीत असताना त्यांची बदली झाली. हिजल लावला त्या सकाळी नंदा खड्डा खणायला आली नाही. वडिलांनी दोनदा हाक मारल्यावर आली, उभ्या उभ्या पायाने थोडी माती ढकलली आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिने पोहे खाल्ले नाहीत.

हिजल रात्री फुलतो. लांब लांब झुंबरांसारख्या सरी लोंबत असतात, त्यांना बारीक लाल फुलं, आणि उजाडता उजाडता ती गळतात. सकाळी तळ्याचा तो कोपरा पाणी दिसू नये इतका लाल झालेला असतो. वारा आला की लाल सायीला सुरकुती पडावी तसं ते सगळं एकदम हलतं. वास फार नाही. किंचित गोड, थोडा शेवाळी. शाळेत जायच्या आधी मी तिथे जाऊन उभी राहायची. ही फुलं वेचून काही करता येत नाही, ओंजळीत घेतली की नुसते केसर हाताला चिकटतात. तरी मी घ्यायची.

आशुतोषचा फोन दुपारी आला.

“काकू, सॉरी, क्लायंट होता. बोला.”

“फुल्या कोणी मारल्या?”

“अच्छा, ते! काकू, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. आपण सह्याद्री वन करतोय!”

मी संध्याकाळी त्याला मंडळात बोलावून घेतलं. मुलगा वाईट नाही. नोकरी सांभाळून रविवारी मुलांचे मराठीचे वर्ग घेतो. त्याची स्वतःची मुलगी “बाबा, मी जेवण खाल्ला” असं बोलते आणि त्याला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्याने लॅपटॉप पायरीवर ठेवून मला सगळं दाखवलं. मागच्या दारापर्यंत गाडी यावी म्हणून फरसबंद रस्ता, वळायला जागा, बाजूला हिरवळ, आणि कडेने महाराष्ट्रातून आणलेली अस्सल आपली झाडं. प्रत्येकाखाली पाटी.

“मुलांना कळायला हवं ना काकू, आपल्या मातीतली झाडं कोणती. इथे काय आहे? नुसतं जंगल वाढलंय.”

“कोणती झाडं आणणार?”

“पहिलं ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल! पुण्याहून रोपं मागवली आहेत. मग सातवीण, मग काटेसावर...”

“आशुतोष, वर बघ.”

त्याने वर बघितलं. जारुलाला उशिराचा बहर होता. “सुंदर आहे. पर्पल.”

“हे ताम्हण आहे.”

“नाही काकू, हे जारूल. ऑफिसात सगळे जारूल म्हणतात. आमच्या पार्किंगमध्ये आहे.”

“बंगालीत जारूल. मराठीत ताम्हण. आणि तो छातिम म्हणजे तुझी सातवीण. तो शिमूल म्हणजे तुझी काटेसावर. पन्नास फूट उंच ताम्हण तोडून तू पुण्याहून वीतभर ताम्हण मागवलं आहेस, तेही रेल्वेने!”

त्याने मोबाइलवर बघितलं. आधी जारूल, मग ताम्हण. फोटो मोठा केला, पुन्हा वर बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. “बापरे,” म्हणाला. “पेमेंट पण झालंय.” मग स्वतःच हसायला लागला. मीही हसले. वाटलं, सुटलो.

इतक्या लवकर मिळालेल्या विजयावर विश्वास ठेवायचा नसतो, हे या वयात मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रूपवर त्याचा निरोप आला. अगदी नम्र. ‘काकूंनी लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. आवारातील जारूल, छातिम व शिमूल ही आपलीच झाडे असल्याने ती राहतील. उर्वरित दोन झाडे (गाब व हिजल) आपल्याकडची नसल्याने नियोजनाप्रमाणे काढण्यात येतील. रविवारी सभेत मंजुरी.’ खाली हात जोडल्याची चित्रं, अंगठे, फुलं. एकीने तर ‘खूप छान, काकू रॉक्स’ असंही लिहिलं.

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. आपलीच झाडे! म्हणजे ज्या मातीत उभं आहे तिथलं असणं हा गुन्हा, आणि सह्याद्रीत एखादा चुलतभाऊ निघाला तर सुटका. जारूल बंगालचा होता तोपर्यंत त्याच्यावर कुऱ्हाड. महाराष्ट्राचा निघाला तर त्याला पाटी. आणि हे आम्ही बोलायचं? ज्यांच्या तीन पिढ्यांनी या शहराचं पाणी प्यायलं, इथल्या शाळांत पगार घेतले, इथल्या स्मशानात आपली माणसं पोचवली, त्यांनी? उद्या गल्लीतल्या लोकांनी आम्हाला विचारलं की तुम्ही इथले का, तर आम्ही कोणती पाटी दाखवणार?

चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती. मोजपट्टी मीच त्याच्या हातात दिली होती. ताम्हण म्हणून वाचवलं ना मी जारुलाला? जारूल म्हणूनच वाचवायला हवं होतं.

रविवारी सभेला गेले तेव्हा गाब पडलेला होता. कंत्राटदाराची माणसं शनिवारीच येऊन गेली. “मंजुरी होणारच होती, त्यांना दुसरी तारीख नव्हती,” आशुतोष म्हणाला, माझ्याकडे न बघता. परवानगीचं विचारलं तर तेही कंत्राटदार बघतो म्हणाला. कापलेल्या खोडाला ओल होती. जवळ गेल्यावर तो वास आला, भिजवलेल्या जाळ्यांचा, आंबूस, तुरट. फांद्यांवर कच्ची फळं तशीच होती. ज्या जागेत कधी ऊन पडलं नव्हतं तिथे भगभगीत ऊन पडलं होतं, आणि मंडळाची मागची भिंत एकदम म्हातारी दिसायला लागली होती. मेजर पाटणकर गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या माघारी कळवायचं कोणाला, हेही मला सुचेना.

सभा भरली. पुढच्या रांगेत लेलेकाका, आमच्यातले सर्वांत वयस्क, जन्माने कोलकात्याचे, आयुष्यभर इथे वकिली केलेले. गुडघे पार गेलेत. मागच्या दारापर्यंत गाडी यायला हवी हा आग्रह मुळात त्यांच्यासाठीच होता, आणि तो खोटाही नव्हता. मागच्या गणपतीला त्यांना पुढच्या पायऱ्या चढवताना मीच एका बाजूने धरलं होतं. त्यामुळे मला रस्त्याला विरोध करता येईना. मी एवढंच म्हटलं की रस्ता तळ्याच्या बाजूने न वळवता भिंतीच्या बाजूने वळवा.

“तिकडे वळण शार्प होतं काकू,” आशुतोष म्हणाला. “ड्रायव्हरला दोनदा रिव्हर्स घ्यावी लागेल.”

“घेऊ दे रिव्हर्स.”

“एका झाडासाठी?”

“ते झाड एका कुटुंबाचं आहे. ज्यांनी लावलं त्यांना विचारल्याशिवाय तोडायचं नाही. पूर्वी तशीच रीत होती.”

“मग विचारू या ना! आत्ता विचारू या.” तो खरंच मनापासून म्हणाला. “तुमच्याकडे नंबर आहे?”

होता. नंदाशी वर्षाकाठी दिवाळीला बोलणं व्हायचं. मी तिला तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. इतकी खात्री होती मला.

“अगं, आज कशी आठवण?” नंदा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी वाजली.

मी थोडक्यात सांगितलं. सगळे ऐकतायत हेही सांगितलं.

“कुठलं झाड गं?” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “हां हां. ते पाण्याजवळचं. आहे होय अजून?”

“आहे. मोठं झालंय. तोडायचं म्हणतायत.”

“मग तोडा की.”

सभागृहात कोणीतरी हसलं.

“नंदा, तुमचं झाड आहे ते.”

“माझं कुठलं? बाबांनी लाव म्हटलं म्हणून लावलं. मला झाडबिड काही नको होतं गं. मला राहायचं होतं तिथे.” तिचा आवाज बदलला नव्हता, कुकर बंद करता करता बोलावं तसाच होता. “त्या दिवशी मला इतका राग आला होता ना त्या झाडाचा. हे राहणार आणि मी जाणार. जाऊ दे. तुमची सोय बघा तुम्ही.”

मी फोन ठेवला. पंख्याचा आवाज येत होता. मग आशुतोष अगदी हळू म्हणाला, “काकू, मग आता...”

मला नंदाचा राग आला होता, आणि हसणाऱ्याचा, आणि पंख्याचाही. पण सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा होता. ती गोष्ट इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला त्या क्षणी दिसली. मी उभी राहिले.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “ते तिचं नाही. मग पहिल्या वैशाखात त्याला पाणी कोणी घातलं? तळं आटलं होतं त्या वर्षी. शाळेतून आल्यावर बादली कोण ओढत होतं? गाबाला कुंपण कोणी केलं, शेळ्या खायला लागल्या तेव्हा? या आवारात गेलेल्या सगळ्यांची झाडं आहेत. बरोबर आहे, ते गेले. पण जे गेलेच नाहीत, त्यांचं कुठलं झाड? बदली झाली नाही म्हणून आम्हाला लावायला मिळालंच नाही. लेलेकाका, तुमचं कुठलं? माझ्या आईने नियम केला, तिचं कुठलं?”

माझा आवाज फाटला असणार, कारण आशुतोषने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही.

लेलेकाकांनी काठी टेकली. उठण्यात बराच वेळ गेला. कोणी धरायला आलं तर त्यांनी झिडकारलं.

“हिचं म्हणणं नीट ऐकलंत का?” ते म्हणाले. “हावड्याच्या फलाटावर मी किती माणसांना हात केलेत, माहीत आहे? गाडी हलली की आपण हात हलवायचा आणि परत येऊन सतरंज्या गुंडाळायच्या. आयुष्य गेलं त्यात. ते तळ्याकाठचं झाड कोणाचं नसेल तर माझं. अर्धं हिचं.”

“काका, पण गाडी तुमच्यासाठीच...” आशुतोष म्हणाला.

“गाडी भिंतीकडून आण. ड्रायव्हर दोनदा मागे घेईल. त्याला पगार कशाचा मिळतो? आणि नाहीच जमलं तर तू मला उचल. व्यायामशाळेत जातोस ना रोज, फोटो टाकतोस ते?”

आता मात्र सगळेच हसले, आशुतोषही. “भिंतीकडून वळवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा,” तो म्हणाला आणि पहिला हात त्याचाच वर गेला. मी हात वर केला नाही. मी उभीच होते.

त्यामुळे हिजल राहिला. गाब गेला तो गेलाच, आणि त्याबद्दल मी कोणाला माफ केलेलं नाही. त्याच्या जागी पुण्याहून आलेली वीतभर ताम्हणं लावली, कारण पैसे भरून झाले होते. पाट्या मी लावू दिल्या नाहीत. पुढच्या सभेत मी हेही मांडणार आहे की यापुढे झाड लावायला बदलीची ऑर्डर लागणार नाही. बुंध्यावरचा रंग आशुतोषने आपल्या मुलीला घेऊन येऊन घासला. पूर्ण निघाला नाही.

गेल्या आठवड्यात नंदाचा मेसेज आला. ‘त्या झाडाचा एक फोटो पाठव ना.’ आणि मागोमाग दुसरा, ‘किती मोठं झालंय ते बघते.’

मी पाठवला नाही. तिला कळवलं की फोटो मिळणार नाही, येऊन बघ. हावड्याला उतरलीस की टॅक्सी कर, सामान आधी माझ्याकडे टाक, आणि झोपायच्या आधी गजर लाव. फुलं उजाडता उजाडता पाण्यावर असतात. चहा पिऊन निवांत निघालीस तर वाऱ्याने ती कडेला लागलेली असतील, आणि मग मला म्हणू नकोस की काहीच दिसलं नाही.